फोटो आपल्या हातात राहावेत म्हणून

आमच्या स्टुडिओत हल्ली फोटो काढून घ्यायला येणाऱ्यांइतकेच फोटो सांभाळायचे कसे हे विचारायला येणारे असतात. पासपोर्ट फोटोच्या निमित्ताने माणूस येतो आणि जाता जाता खिशातला फोन काउंटरवर ठेवतो. "ताई, सारखं स्टोरेज फुल दाखवतोय. फोनमधले फोटो कॉम्प्युटरवरही आपोआप यावेत, नीट लागावेत, सापडावेत, असं चांगलं सॉफ्टवेअर कुठलं?" पूर्वी मी एखादं नाव सांगून मोकळी व्हायचे. आता आधी त्यालाच विचारते: हे सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं, किंवा तुम्हालाच ते सोडावंसं वाटलं, तर तुमच्या हातात काय उरेल?

मी सांगलीत लग्नाचे अल्बम डिझाइन करते. करिझ्मा अल्बमची पानं लावणं हे रोजचं काम. त्यासाठी फोटोंचे ढीग उपसायचे, लावायचे, हवा तो फोटो शोधून काढायचा आणि काम संपल्यावरही जपून ठेवायचे, कारण गिऱ्हाईक पुन्हा प्रिंट मागायला कधी येईल सांगता येत नाही. पहिल्या वाढदिवसाला येतं, घराच्या वास्तुशांतीला येतं, आणि घरातलं कुणी गेलं तर त्याच दिवशी येतं. या कामाने मला फोटोंच्या सॉफ्टवेअरबद्दल जे शिकवलं ते कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीला पुष्कळांसारखं आमच्याकडेही पिकासा होतं. गूगलने ते २००४ मध्ये घेतलं आणि सगळ्यांना फुकट दिलं. जुन्या, रेंगाळणाऱ्या कॉम्प्युटरवरसुद्धा त्यात हजारो फोटो सरसर वर-खाली करता यायचे. चेहरे ओळखून नावं देता यायची. मार्च २०१६ मध्ये गूगलने पिकासा बंद केलं. ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडे ते चालत राहिलं, पण पुढे त्यात काही सुधारणा होणार नाही हे ठरलं. स्टुडिओचा कॉम्प्युटर बदलायची वेळ आली तेव्हा आत काय काय कुठे ठेवलं आहे हे मी पहिल्यांदा नीट बघितलं.

फोटोखाली लिहिलेली ओळ, म्हणजे कॅप्शन, पिकासा जेपीईजी फाइलच्या आतच लिहीत असे. फोटोला दिलेले तारे आणि उजेड-रंगात केलेले फेरफार त्याच फोल्डरमधल्या एका छोट्या, लपवलेल्या फाइलमध्ये असत. आपण जमवलेले अल्बम हे मात्र पिकासाच्या स्वतःच्या वहीतली यादी. म्हणजे एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी दिसणाऱ्या तीन गोष्टी, पण तिघींचं भवितव्य वेगळं. कोण, कुठे, कुठला समारंभ हे कॅप्शनमध्ये लिहायची सवय मला स्टुडिओच्या कामामुळे होती. त्या ओळी नव्या कॉम्प्युटरवर, नव्या प्रोग्रॅममध्ये जशाच्या तशा दिसल्या. त्यानंतर मी जी जी सॉफ्टवेअर वापरली त्या सगळ्यांत त्या आजही दिसतात.

तिथून माझी बघायची पद्धत बदलली. कुठलंही नवं सॉफ्टवेअर हाती आलं की ते काय काय करतं यापेक्षा मी त्यात लिहिलेलं कुठे जाऊन बसतं हे पाहू लागले. फोटोच्या फाइलमध्ये चित्राखेरीज माहितीचाही एक कप्पा असतो. तारीख, वेळ, कॅमेरा, जागा हे सगळं एक्झिफ नावाच्या पद्धतीने कॅमेराच भरतो. माणसाने लिहायच्या गोष्टी, म्हणजे कॅप्शन, शोधशब्द, तारे, यांच्यासाठी आधी आयपीटीसी आणि नंतर एक्सएमपी या पद्धती आल्या. या कप्प्यात गेलेलं फोटोबरोबर प्रवास करतं. बाकीचं सॉफ्टवेअरपाशी राहतं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी यात आणखी एक अडचण आहे. आयपीटीसी जुनी पद्धत. त्यात अक्षरं कुठल्या सांकेतिक लिपीत आहेत हे वेगळं नोंदवावं लागतं. ते नोंदवलं नसेल तर 'मुहूर्तमेढ, विश्रामबाग' असं लिहिलेलं दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नुसती प्रश्नचिन्हं होऊन येतं. एक्सएमपी युनिकोडवरच उभी आहे, तिथे देवनागरी सुखरूप राहते. म्हणून सॉफ्टवेअर पारखताना मी एका फोटोला मुद्दाम जोडाक्षरांची मराठी ओळ लिहिते, फाइल बाहेर काढते आणि दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघते. डिजिकॅम हा फुकट आणि खुला प्रोग्रॅम मला याच कारणाने आवडला. माहिती फाइलमध्ये लिहायची की नाही, आणि कशी, हे तो वापरणाऱ्याला ठरवू देतो. फोनशी आपोआप जोडून घेणारी स्वतःची क्लाउड सेवा मात्र त्याच्याकडे नाही. फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर आणायची सोय आपण करायची, मग लावायचं काम तो चोख करतो.

फोन आणि कॉम्प्युटर जोडण्याचा खरा फायदा मला लग्नाच्या सिलेक्शनमध्ये कळला. पूर्वी नवरा-नवरीकडचे लोक पेनड्राइव्हवर सगळे फोटो घेऊन जात आणि वहीच्या कागदावर नंबर लिहून आणत. त्यात एखादा आकडा चुकला की भलताच फोटो अल्बममध्ये. मग मी लाइटरूम वापरायला लागले. हे सॉफ्टवेअर २००७ मध्ये आलं आणि २०१७ मध्ये त्याच्या दोन वाटा झाल्या. एक कॉम्प्युटरवर फोल्डर धरून चालणारं लाइटरूम क्लासिक, दुसरं सगळं क्लाउडवर ठेवणारं लाइटरूम. क्लासिकमधला एखादा संच सिंक केला की त्याची लिंक पाठवता येते. मंडळी घरी बसून, फोनवर, रात्री जेवणं झाल्यावर सगळे मिळून फोटो निवडतात आणि आवडलेल्यावर खूण करतात.

पण या जोडणीच्या दोन दिशा सारख्या नाहीत. क्लासिकमधून क्लाउडवर जाते ती छोटी प्रत, लांब बाजू २५६० पिक्सेलची. मूळ फाइल स्टुडिओतच राहते. उलट फोनमधून लाइटरूममध्ये टाकलेला फोटो मूळ आकारात वर जातो आणि तिथून स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर उतरतो. म्हणजे 'फोटो क्लाउडवर आहेत' हे वाक्य दोन्हीकडे खरं, पण कॉम्प्युटरची हार्डडिस्क गेली तर एका बाबतीत मूळ फोटो परत मिळतो, दुसऱ्या बाबतीत मिळत नाही. सिंक म्हटलं की नेमकी कुठली प्रत, कुठून कुठे, हे विचारायची सवय मला यातून लागली. क्लासिकमधले फेरफार आणि तारे त्याच्या कॅटलॉग फाइलमध्ये असतात. सांगितलं तर ते एक्सएमपीमध्येही लिहिले जातात, पण आपण बनवलेले संच आणि एकाच फोटोच्या आभासी प्रती लिहिल्या जात नाहीत. म्हणून महत्त्वाच्या संचाचं नाव मी शोधशब्द म्हणूनही फोटोला लावून ठेवते.

लग्नाच्याच कामात वेळेचं महत्त्व पक्कं डोक्यात बसलं. एका लग्नात आमचे दोन कॅमेरे होते, शिवाय घरच्यांनी फोनवर काढलेले फोटो आणि व्हिडिओ अल्बमसाठी दिले होते. सगळं एका ठिकाणी आणून वेळेप्रमाणे लावलं. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा, आणि अक्षता पडतानाचा फोनवरचा व्हिडिओ सकाळी ७ वाजून ५ मिनिटांवर, नवरीच्या हळदीच्या फोटोंमध्ये जाऊन बसलेला. फरक बरोब्बर साडेपाच तासांचा. फोटोच्या एक्झिफमध्ये आपल्या घड्याळातली वेळ लिहिलेली असते. एमपी४ व्हिडिओत मात्र बहुतेक फोन जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी लिहितात. सॉफ्टवेअरला ते उमगलं तर ते साडेपाच तास मिळवून दाखवतं. नाही उमगलं तर मंगलाष्टकं हळदीच्या आधी होतात.

तेव्हापासून कार्यालयात पोचल्यावर पहिलं काम ठरलेलं. फोनवर सेकंदांसह घड्याळ उघडायचं आणि प्रत्येक कॅमेऱ्याने त्या घड्याळाचा एक फोटो काढायचा. फोन वेळ नेटवर्कवरून घेतो, त्यामुळे तो प्रमाण. नंतर कॉम्प्युटरवर त्या एका फोटोत घड्याळात दिसणारी वेळ आणि फाइलमध्ये लिहिलेली वेळ यांतला फरक काढायचा आणि त्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो तेवढे पुढे-मागे सरकवायचे. कितीही कॅमेरे असोत, सगळा समारंभ रांगेत उभा राहतो. घरच्या सहलीतही, जिथे चार भावंडांचे चार फोन आणि एक कॅमेरा असतो, तिथे हीच युक्ती चालते. सॉफ्टवेअर निवडताना म्हणून मी हेही बघते की वेळ एकदम सगळ्या फोटोंना सरकवता येते का, आणि सरकवलेली वेळ फाइलमध्ये लिहिली जाते का.

काउंटरवरच्या कामात सगळ्यात दुखरे प्रसंग पुसलेल्या फोटोंचे. एक बाई आल्या होत्या. मुलीने त्यांना फोनमध्ये फोटोंची सेवा चालू करून दिली होती आणि सांगितलं होतं, आता सगळे फोटो वर जातात. फोन भरला तसे त्यांनी गॅलरीतले नातवाचे दोन वर्षांचे फोटो निवडून काढून टाकले, वर आहेतच या भरवशावर. सिंकचं काम दोन्हीकडे सारखं ठेवणं. फोनमधून काढले, वरूनही निघाले. त्यांच्या लक्षात लवकर आलं म्हणून बरं. त्यांच्यासमोरच ट्रॅश उघडलं, प्रत्येक फोटोवर उरलेल्या दिवसांचा आकडा दिसत होता आणि काहींवर तो अगदी थोडा राहिला होता. तिथल्या तिथे सगळे परत घेतले. असाच दुसरा एक गृहस्थ दिवाळीच्या साफसफाईत पुसलेले फोटो संक्रांतीनंतर शोधत आला. त्याचं ट्रॅश केव्हाच रिकामं झालं होतं.

ॲपलच्या फोटोजमध्ये पुसलेले फोटो ३० दिवस राहतात. गूगल फोटोजमध्ये वर गेलेला फोटो पुसला तर तो ६० दिवस ट्रॅशमध्ये असतो. फोनमधली जागा मोकळी करायला या सेवांमध्ये वेगळी सोय असते, ती वापरायची. ती वर पोचलेल्या फोटोंचीच फोनमधली प्रत काढते. हातांनी निवडून डिलीट करायचं नाही. सिंकमुळे फोटो सगळीकडे दिसतो, पण आपला एक चुकीचा टॅपही तितक्याच वेगाने सगळीकडे पोचतो. त्यामुळे जिच्यावर त्या टॅपचा परिणाम होणार नाही अशी एक प्रत वेगळी असायलाच हवी. गिऱ्हाइकाला मी हे फोनवर एक फालतू फोटो काढून, पुसून, दोन्हीकडे काय झालं ते दाखवून समजावते. तोंडी सांगितलेलं विसरतात, पाहिलेलं विसरत नाहीत.

आयफोनवाल्यांना आणखी एक गोष्ट दाखवावी लागते. जागा वाचवायचा पर्याय चालू असेल तर फोनमध्ये छोट्या प्रती राहतात आणि मूळ फोटो आयक्लाउडवर असतात. असा फोन वायरने कॉम्प्युटरला लावून सगळे मूळ फोटो निघतील ही अपेक्षा फोल आहे, ते फोनमध्ये नसतातच. ते आयक्लाउडवरून उतरवावे लागतात. लाइव्ह फोटो बाहेर काढला की त्याच्या दोन फाइली होतात, एक चित्राची, एक छोट्या व्हिडिओची. शिवाय २०१७ पासून आयफोन एचईआयसी प्रकारात फोटो ठेवतो. नवं सॉफ्टवेअर हे सगळं नीट ओळखतं का, लाइव्ह फोटोच्या दोन फाइली एकत्र दाखवतं का, हे आधी पाच-दहा फोटोंवर बघून घ्यावं.

अँड्रॉइडवर वेगळा त्रास. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप्स बंद करून टाकतात. बॅकअप चालू आहे असं वाटत राहतं आणि प्रत्यक्षात कित्येक दिवस एकही फोटो वर गेलेला नसतो. त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून सोडवावं लागतं. गूगल फोटोज सुरुवातीला कॅमेऱ्याचंच फोल्डर घेतं, बाकीची कुठली घ्यायची हे आपण सांगायचं. व्हॉट्सॲपचे फोटो त्यात हवेत का, याचा विचार करूनच होकार द्यावा. सणासुदीच्या शुभेच्छांची चित्रं एकदा आपल्या संग्रहात मिसळली की निवडून काढता काढता दमछाक होते.

व्हॉट्सॲपचा विषय निघालाच आहे तर एक प्रसंग सांगते. एक निवृत्त शिक्षक अचानक गेले. तेराव्याच्या आत मोठा फोटो करून हवा म्हणून घरचे आले. सरांना फोटोंची हौस होती. फोन चांगला, सहलींचे, शाळेच्या कार्यक्रमांचे, स्वतःचे कितीतरी फोटो त्यात. पण फोनचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. खात्यात शिरावं तर ओटीपी त्यांच्याच नंबरवर येणार. शेवटी मुलीच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपवर आलेला एक फोटो निघाला. व्हॉट्सॲपने नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल. अल्बमच्या दर्जाने, इंचाला ३०० ठिपके धरून छापला तर तो जेमतेम सव्वापाच इंच भरतो. आम्हाला तो भिंतीवरच्या फ्रेमइतका करायचा होता. जमेल तेवढी मेहनत घेतली. चेहरा ओळखीचा राहिला, पण डोळ्यांतलं तेज त्या ठिपक्यांत नव्हतं. मूळ फोटो सरांच्या फोनमध्ये, चार हातांवर, कपाटात होता.

त्या दिवसापासून मी सॉफ्टवेअरबद्दल बोलताना हेही बोलते, कुणाला आवडो न आवडो. गूगल खात्यात अशी सोय आहे की ठराविक काळ ते वापरलं गेलं नाही तर आपण नेमलेल्या माणसाला आतलं मिळावं. ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये वारस-संपर्क नेमायची सोय दिली. दोन्ही कामं घरी बसून चहा होईपर्यंत उरकतात. गूगलच्या नियमाप्रमाणे दोन वर्षं अजिबात न वापरलेलं खातं आतल्या मजकुरासह काढून टाकलं जाऊ शकतं, आणि रिचार्ज न झालेला नंबरही बंद होतो. घराच्या कागदपत्रांची फाइल जिथे असते तिथे फोटो कुठे आहेत, खातं कुठलं, हे एका कागदावर लिहून ठेवावं. वारसाने उघडता येत नसेल तर तो संग्रह जपला असं मला म्हणवत नाही.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून एक्झिफही गेलेलं असतं. फाइलच्या नावातली तारीख ही फोटो पाठवल्याची, काढल्याची नव्हे. आजोबांच्या पंचाहत्तरीचा फोटो चुलत भावाने आज पाठवला तर तो आजच्या तारखेत जाऊन बसतो. म्हणून नातेवाइकांकडून फोटो घ्यायचे तर डॉक्युमेंट म्हणून मागवावेत किंवा शेअर केलेल्या अल्बमची लिंक घ्यावी. जुने कागदी फोटो स्कॅन केले की तेही असेच, स्कॅन केल्याच्या तारखेवर येतात. त्यांना हाताने तारीख घालायला लागते. नेमका दिवस ठाऊक नसेल तर निदान वर्ष घालावं आणि कॅप्शनमध्ये 'अंदाजे' लिहावं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराने आम्हा सांगलीकरांना प्रतींचा हिशेब शिकवला. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी उतरल्यावर लोक चिखलाने भरलेल्या हार्डडिस्क पिशवीत घालून आणत. काहींनी फोटोंच्या दोन प्रती ठेवल्या होत्या, पण दोन्ही एकाच कपाटाच्या खालच्या खणात. दोन्ही एकदमच बुडाल्या. लग्नाचे कागदी अल्बमही पानाला पान चिकटून आले. ज्यांचे फोटो फोनमधून क्लाउडवर जात होते त्यांचे मात्र शाबूत होते, कारण घर सोडताना माणसाने बाकी काही नाही तरी फोन खिशात घातलेला असतो. क्लाउडला नाकं मुरडणाऱ्या, फोटो आपल्या डिस्कवरच हवेत म्हणणाऱ्या काही जाणत्या गिऱ्हाइकांनी त्यानंतर आपला विचार बदलला. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला एक नियम आहे: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. पुस्तकात तो नियम वाचायला सोपा वाटतो. सांगलीत तो आम्ही घरोघरी पाहिला. आता स्टुडिओची एक डिस्क मिरजेला, उंचावरच्या घरी असते.

मग सगळंच क्लाउडवर का ठेवू नये? कारण तिथले नियम आपण ठरवत नाही. गूगल फोटोज २०१५ मध्ये आलं तेव्हा थोडे लहान केलेले फोटो कितीही ठेवा, फुकट, असं होतं. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या हिशेबात धरले जाऊ लागले, आणि ते १५ जीबी मेल आणि ड्राइव्ह मिळून. फ्लिकरने २०१३ मध्ये एक टीबी फुकट दिली होती, पुढे फुकट खात्यावर १००० फोटोंची मर्यादा आली. यात कुणाची फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. साठवायला खर्च येतो आणि तो कुणीतरी द्यायचा असतो. पण दरमहा पैसे भरायला लागणार असतील तर भरणं थांबवल्यावर काय होईल आणि फोटो बाहेर कसे काढायचे, हे पहिला हप्ता भरण्याआधी कळायला हवं. गूगलची टेकआउट सोय वापरून सगळे फोटो उतरवून घेता येतात. मात्र ॲपमध्ये नंतर बदललेली तारीख आणि लिहिलेली ओळ फोटोच्या फाइलमध्ये नसते, शेजारच्या जेसन फाइलीत येते. ते दोन्ही पुन्हा जोडायला वेगळं काम करावं लागतं. म्हणून महत्त्वाचे कॅप्शन मी फोटो वर जाण्याआधीच फाइलमध्ये लिहिते.

काही काळापासून आम्ही घरच्या फोटोंसाठी इमिच चालवतो. हा खुला प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. स्टुडिओतून निवृत्त केलेल्या डेस्कटॉपवर तो बसवला, घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये त्याचं ॲप घातलं. फोटो फोनमधून घरच्या डिस्कवर येतात, चेहऱ्यावरून शोधता येतात, आणि मूळ फाइल जशीच्या तशी फोल्डरमध्ये राहते. अल्बम आणि चेहऱ्यांची नावं डेटाबेसमध्ये असतात, म्हणून फोटोंबरोबर त्याचीही प्रत काढावी लागते. समाधान खूप आहे. पण गिऱ्हाइकाला मी हे सरसकट सुचवत नाही. वीज जाते, इन्व्हर्टर लागतो. अपडेट करताना नीट वाचायला लागतं. घराबाहेरून फोटो बघायचे तर सुरक्षित वाट करून घ्यावी लागते. घरात याची मनापासून आवड असलेला एक माणूस हवा, आणि तो परगावी गेला तर सांभाळणारा दुसराही हवा. ते नसेल तर पैसे भरून घेतलेली सेवा आणि घरात वर्षातून दोनदा भरलेली एक हार्डडिस्क, एवढं जास्त भरवशाचं.

मी स्वतः पारखते ती पद्धत साधी आहे. एक छोटं फोल्डर मी कायम तयार ठेवते. त्यात एक आयफोनचा लाइव्ह फोटो, एक अँड्रॉइडचा फोटो, एक व्हिडिओ, एक कॅमेऱ्याची रॉ फाइल, एक व्हॉट्सॲपवरून आलेला आणि एक स्कॅन केलेला जुना फोटो आहे. प्रत्येकाला मराठी कॅप्शन. नवं काहीही आलं की हे फोल्डर फोनमधून त्यात टाकायचं. तिथे तारीख बदलायची, अल्बम करायचा, एक फोटो पुसायचा. मग सगळं पुन्हा बाहेर काढायचं आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडायचं. फाइलचा आकार तोच आहे का? बदललेली तारीख बरोबर आली का? मराठी ओळ धड आहे का? व्हिडिओ आपल्या वेळेवर आहे का? पुसलेला फोटो कुठे किती दिवस सापडतो? एका संध्याकाळचं काम आहे, पण पुढची कित्येक वर्षं निश्चिंतीची जातात. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं सुंदर दिसलं आणि बाहेर पडताना अर्धंच हाती आलं, तर मी ते फक्त फोटो बघायला वापरते, जपायला नाही.

सॉफ्टवेअर म्हणजे भाडेकरू, घर आपल्या फोटोंचं. भाडेकरू चांगला मिळावा, जास्त दिवस राहावा, पण तो गेला तर घराच्या भिंती त्याच्याबरोबर जाऊ नयेत. वर्ष आणि समारंभ यांच्या नावाचे साधे फोल्डर, तारीख आणि नावं फाइलच्या आत, आणि एक प्रत दुसऱ्या गावी, या त्या भिंती. एवढं पक्कं असेल तर फोनशी जोडणारं ॲप तुमच्या सवयीचं, खिशाला परवडणारं, कुठलंही घ्या. बदलावंसं वाटलं तर बिनघोर बदला.

हे वाचून झालं की तीन गोष्टी करा. फोनमधलं फोटोंचं ॲप उघडून शेवटचा बॅकअप कुठल्या तारखेला झाला ते बघा. ट्रॅश उघडून त्यात नको ते गेलेलं नाही ना, याची खात्री करा. आणि घरातल्या एका माणसाला सांगा, फोटो कुठे आहेत आणि कसे उघडायचे. सॉफ्टवेअर कुठलं निवडायचं याचा विचार उद्या निवांत करता येईल.